शाळेतल्या ‘चाल लावा’ प्रकल्पाला गुण कसे द्यायचे?

शिरपूरकर:
आठवी-नववीच्या संगीताच्या तासाला या सत्रात ‘चार ओळींना स्वतः चाल लावा’ असा प्रकल्प दिला आहे. चाळीस मुलं, २५ गुण. शाळेत पेटी एक, तबलाजोडी एक, बाकी मोबाइलवरचं तबल्याचं ॲप. राग-तालाची तोंडी परीक्षा घेताना अडत नाही, कारण भूपाचा आरोह बरोबर आहे की चूक ते लगेच कळतं. मुलाने स्वतः केलेल्या चालीला १८ का आणि २१ का, हे पालकांना आणि मुख्याध्यापकांना सांगता यायला हवं. वर्गात चार-पाच मुलं बाहेर शास्त्रीय शिकतात, बाकीच्यांनी पेटीला पहिल्यांदाच हात लावलाय. दोघांना एकच माप कसं लावायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पेटी_काळी_चार:
सर, सगळ्यात आधी गाणं आणि चाल यांचे गुण वेगळे करा. बहुतेक घोळ इथेच होतो. गोड गळ्याच्या मुलीने साधीशी चाल गायली की आपण नकळत २२ देतो आणि आवाज फुटलेल्या नववीतल्या मुलाची विचार करून बांधलेली चाल १५ वर राहते. त्या वयात मुलांना तार सा लागत नाही, सूर घसरतो. ती त्याच्या गळ्याची अडचण आहे, चालीतला दोष नाही.

यावर सोपा इलाज आहे. मुलाचं ध्वनिमुद्रण घ्याच, पण गुण देण्यापूर्वी ती चाल पेटीवर सरळ वाजवून ऐका. सगळ्यांच्या चाली एकाच पट्टीत, एकाच लयीत, मुरकी-मींड न लावता वाजवायच्या. वाजवणाऱ्याने मोह आवरायला हवा, कारण आपला हात आपोआप कण लावतो आणि फिकी चाल सजते. दुसऱ्या मुलाकडून गाऊन घेण्यात हीच अडचण जास्त येते.

इंग्लंडच्या जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) संगीतातही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या आहेत: सादरीकरण ३० टक्के, रचना ३० टक्के, ऐकून केलेलं रसग्रहण ४० टक्के. तिथे रचना दोन असतात, एक मंडळाने दिलेल्या सूचनेवर आणि एक मोकळी, दोन्ही मिळून किमान तीन मिनिटं. आपल्याला तेवढा पसारा नको, विभागणी मात्र घेण्यासारखी आहे.

माझी २५ ची वाटणी अशी: मुखडा (चालीची सुरुवातीची ओळ) आणि स्वरांची कल्पना ७, स्थायी-अंतऱ्याचं (ध्रुवपद आणि पुढचं कडवं) नातं ६, शब्द आणि ताल ६, दिलेली सूचना पाळली का ३, लेखन आणि ध्वनिमुद्रण ३. गळ्याला एकही नाही. गायनाचे गुण द्यायचेच असतील तर वेगळ्या रकान्यात द्या.

तापीकाठ:
वाटणी पटली, पण त्याआधी प्रकल्पाची सूचना नीट लिहायला हवी. ‘कोणत्याही चार ओळींना चाल लावा’ म्हटलं की अर्धा वर्ग पाठ्यपुस्तकातली कविता उचलतो आणि तिची आधीच कानात असलेली चाल थोडी वाकडी करून आणतो. आठवीच्या मुलाला मोकळं रान दिलं की तो गोंधळतो, चौकट आखून दिली की लवकर कामाला लागतो.

सूचनेत एवढं असावं: चार ओळी, स्वतः किंवा वर्गाने मिळून रचलेल्या, शक्यतो अष्टाक्षरी. ताल केहेरवा किंवा दादरा. स्वर पाचच, आणि कोणते ते मुलाने आधी जाहीर करायचे. पल्ला मध्य सा ते तार सा. पहिल्या दोन ओळी स्थायी, पुढच्या दोन अंतरा. एकूण सव्वा मिनिटाच्या आसपास.

सव्वा मिनिट कुठून आलं तेही सांगतो. ॲपवर मिनिटाला १०० मात्रांची लय ठेवली तर केहेरव्याचं आठ मात्रांचं एक आवर्तन ४.८ सेकंदांचं होतं. सोळा आवर्तनं म्हणजे साधारण ७७ सेकंद. स्थायी दोनदा, अंतरा, पुन्हा स्थायी, मध्ये थोडं वादन, एवढं त्यात आरामात बसतं. वेळ नाही सांगितली तर कुणी वीस सेकंदांत उरकतं, कुणी चार मिनिटं तीच ओळ घोळवतं, आणि मग तुलना कशी करणार?

भाषेचं बंधन घालू नका. अहिराणीत लिहिलं, लेवा बोलीत लिहिलं, पावरी बोलीत लिहिलं तरी चालेल. गुण चालीला आहेत.

गांधर्व_परीक्षार्थी:
‘पाच स्वर’ एवढंच सांगून भागेल का? मग रागाचं काय? मुलगा सा रे ग प ध घेऊन धैवतावर ठाण मांडून बसला तर तो भूप राहत नाही. राग बिघडला की गुण कापायलाच हवेत. नाहीतर जी मुलं प्रवेशिका परीक्षेपर्यंत (शास्त्रीय संगीताची सुरुवातीची परीक्षा) नियम पाळत शिकली त्यांच्यावर अन्याय होतो.

पेटी_काळी_चार:
ताई, तुमचं म्हणणं रागाच्या परीक्षेला शंभर टक्के लागू आहे. भूपात वादी (सर्वांत महत्त्वाचा स्वर) गंधार, संवादी (त्याखालोखालचा) धैवत. त्याच पाच स्वरांत धैवत वादी केला की देशकार हा दुसरा राग डोकावतो. पण सूचनेत ‘भूपात बंदिश करा’ असं लिहिलं असेल तरच त्याचे गुण कापा. ‘पाच स्वरांत चाल करा’ असं सांगितलं असेल तर धैवतावर थांबणं ही मुलाची निवड झाली. प्रश्न एवढाच विचारायचा की ती निवड त्याने शेवटपर्यंत धरली का. स्थायीत धैवताला महत्त्व दिलं आणि अंतऱ्यात कारण नसताना ते सोडून दिलं, तर ते ढिलं काम. जे मागितलं नाही त्याचे गुण कापू नयेत आणि जे मागितलं ते सुटलं तर सोडूही नये.

बाहेर शिकणाऱ्यांसाठी सूचनेतच दुसरा पर्याय ठेवा: ‘भूप किंवा दुर्गा, त्रिताल, स्थायी-अंतरा, राग-नियम पाळून.’ वाटणी तीच, फक्त ‘सूचना पाळली का’ चे ३ गुण त्यांच्यासाठी राग-नियमांचे. अवघड पर्याय घेतला म्हणून जास्तीचे गुण मात्र नकोत, नाहीतर सगळे नको तिथे त्रितालात शिरतात.

वावरकरी:
‘शब्द आणि ताल’ या रकान्यावर कुणी सविस्तर लिहिलेलं नाही. चांगली आणि कच्ची चाल तिथेच सर्वांत स्पष्ट वेगळी दिसते, म्हणून एक उदाहरण देतो. ओळ घ्या: ‘आला पाऊस शेताला’. अक्षरं आठ, केहेरव्याच्या मात्रा आठ. नवखा मुलगा हमखास एका मात्रेला एक अक्षर ठेवतो (× म्हणजे सम, तालाची पहिली मात्रा; ० म्हणजे खाली, दुसऱ्या भागाची सुरुवात):

× सा रे ग प । ० ग ग रे सा
× आ ला पा ऊ । ० स शे ता ला

गाऊन पाहा. पाचव्या मात्रेवर, जिथे तालाचा दुसरा भाग सुरू होतो, तिथे ‘पाऊस’मधला शेवटचा ‘स’ येतो. बोलताना तो ‘स’ जेमतेम उच्चारला जातो, इथे त्याच्यावर जोर पडतो. ऐकणाऱ्याला ‘पाऊ’ आणि ‘सशेताला’ असं ऐकू येतं. शिवाय स्वर सरळ चढून उतरले आणि ओळ सा वर मिटली, म्हणजे पुन्हा समेकडे यावंसं वाटत नाही. आता हे पाहा:

× ग रे सा रेग । ० प – ग रे
× आ ला पा ऊस । ० शे ऽ ता ला

‘ऊस’ एका मात्रेत दोन स्वरांवर आला, ‘शे’ पाचव्या मात्रेवर पडला आणि एक मात्रा लांबला, जसा बोलण्यातही तो लांबच असतो. ओळ रे वर सुटते, त्यामुळे कान समेवरच्या ग ची वाट पाहतो. पहिल्याला मी ६ पैकी २ देईन, दुसऱ्याला ५. दोन्हीत स्वर तेच, भूपाचेच.

अहिराणीतही हेच: ‘पानी उनं वावरमा’ (पाणी आलं शेतात). लिहिताना अक्षरं आठ, पण ‘वावरमा’ बोलताना ‘वा-वर-मा’ असा तीनच ठिकाणी तुटतो. तो ‘पा नी उ नं । वा ऽ वर मा’ असा बसवणाऱ्या पोराला भाषेचा कान आहे. मुलाला आधी ओळ तीनदा नुसती बोलायला लावा, मग टाळी देत बोलायला लावा, पेटी त्यानंतर. मुलगा थेट पेटीवर बसला की बोटांना सोयीची चाल निघते आणि शब्द तिच्यात कोंबले जातात.

शिरपूरकर:
वावरकरी भाऊ, हे उदाहरण वर्गात फळ्यावर लिहितो. आता दोन अडचणी. काही मुलं गातच नाहीत, ती ढोल वाजवतात. त्यांच्याकडून काय घ्यायचं? आणि चाल स्वतःची आहे की उचललेली, हे कसं ओळखायचं? आता तर मोबाइलला चार ओळी दिल्या की अख्खं गाणं बनवून मिळतं.

सातपुडा_ढोल:
पहिल्याचं मी सांगतो. नंदुरबारकडच्या, अक्कलकुवा-धडगावच्या मुलांना पेटीवर बसवून ‘चाल लावा’ म्हणणं म्हणजे त्यांना जे येतं ते बाजूला ठेवायला सांगणं. होळीला ती मुलं रात्रभर ढोलावर लय धरून असतात. त्यांच्यासाठी लयीची रचना मागा: आठ मात्रांचा स्वतःचा ठेका, त्याचे दोन बदल आणि शेवटी तिहाई (तोच तुकडा तीनदा वाजवणं) घेऊन सम.

तिहाई मोजता येते, त्यामुळे गुण देताना वाद उरत नाही. केहेरव्यात समेपासून पुढच्या समेवर संपायचं म्हणजे ८ + १ = ९ मात्रा. तीन-तीनचे तीन तुकडे, दम न घेता: १-२-३, ४-५-६, ७-८-सम. बसलं. त्रितालात समेपासून निघालं तर १७ मात्रा होतात आणि १७ ला तिनाने भाग जात नाही. म्हणून पाच मात्रांचा तुकडा आणि मध्ये एकेक मात्रेचा दम (थांबा): ५+१+५+१+५ = १७. किंवा खालीपासून, नवव्या मात्रेवरून, बेदम (मध्ये न थांबता) तीन-तीनचे तीन. नेहमी होते ती चूक म्हणजे मुलगा सोळा मात्रा भरतो आणि शेवटची थाप सोळाव्यावर मारतो; सम मोकळी जाते. ती गणिताची चूक आहे, लयीची नाही, आणि एकदा बोटांवर मोजून दाखवलं की सुटते. पहिल्या मसुद्यात ती आली तर गुण कापू नका.

पावरी (फुंकून वाजवायचं आदिवासी वाद्य) वाजवणारा असेल तर तिचा सूर पेटीशी जुळेलच असं नाही. तिथे पेटीवर वाजवून तपासायचा नियम सोडा, पावरीचंच ध्वनिमुद्रण ऐका. लेखनही सरगमीत मागू नका. चढ-उताराची रेघ, थापांचे बोल, खुणा, काहीही चालेल. अट एकच: आठ दिवसांनी त्याच कागदावरून त्याला तेच पुन्हा वाजवता आलं पाहिजे. लेखनाच्या ३ गुणांसाठी तेवढी कसोटी पुरे.

गांधर्व_परीक्षार्थी:
सरगमीत लिहिणाऱ्यांच्या लेखनात काय पाहायचं ते सांगते. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब, एका मात्रेतल्या स्वरांखाली चंद्रकोर, समेला ×, खालीला ०. मुलं तार सप्तकाचं टिंब विसरतात आणि मग कागदावरचा अंतरा खालीच राहतो. दुसरं, विभागाच्या उभ्या रेघा अंदाजाने मारतात. मोजलं तर एका विभागात पाच मात्रा, दुसऱ्यात तीन. आणि कागद व ध्वनिमुद्रण जुळत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त. कागद अगदी नेटका असेल पण गायलंय वेगळंच, तर शक्यता अशी की कागद घरच्या कुणीतरी लिहून दिलाय. तेव्हा चाल ध्वनिमुद्रणावरून तपासा आणि लेखनाला शून्य द्या.

तापीकाठ:
उचललेल्या चालीबद्दल. पुरावा शेवटी शोधण्यापेक्षा आधीपासून गोळा करा. चालीची एक वही ठेवा, तीन नोंदी: पहिल्या आठवड्यात फक्त मुखडा, दुसऱ्यात पूर्ण स्थायी, तिसऱ्यात अंतरा. प्रत्येक वेळी वर्गातच तीस सेकंदांचं ध्वनिमुद्रण. फाइलला नाव द्यायचं ते इयत्ता, हजेरी क्रमांक आणि मसुदा क्रमांक. विद्यार्थ्याचं नाव नको, म्हणजे तपासताना नावाचा परिणाम होत नाही. स्वतः केलेली चाल मसुद्यागणिक बदललेली दिसते. ॲपने दिलेली किंवा उचललेली चाल पहिल्याच दिवशी पुरी असते आणि तिसऱ्यापर्यंत तशीच राहते.

शेवटी तीन मिनिटांची तोंडी ठेवा. तीन कामं सांगा: समेवर हा स्वर का घेतला ते सांग; हाच मुखडा दुसऱ्या ओळीला लावून दाखव; अंतरा एक आवर्तनाने कमी कर. उत्तर शास्त्रशुद्ध नसलं तरी चालेल. ‘वर गेलं की पाऊस पडल्यासारखं वाटतं’ हेही कारणच आहे. ज्याने चाल केली त्याला ती मोडता येते. ज्याने उचलली तो पहिल्या बदलालाच थांबतो.

लोकगीताची चाल घेतली तर तिला चोरी म्हणू नका. खानदेशातल्या कानबाईच्या (देवीचा उत्सव), आखाजीच्या (अक्षय्य तृतीया) गाण्यांच्या चाली गावोगावी बदलतातच. मुलाने ‘मूळ चाल आजीकडची, मी अंतरा नवा केला’ असं लिहिलं असेल तर नव्या भागाला पूर्ण गुण द्या आणि मूळ भागाला देऊ नका. लपवलं असेल तर तो भाग मोजायचा नाही, पुन्हा करायला आठवडा द्यायचा. ॲपच्या ठेक्यावर गायलं तर काहीच हरकत नाही, कारण ठेका सगळ्यांना तोच आहे. ॲपने स्वर दिले असतील तर त्या स्वरांना गुण नाहीत.

गांधर्व_परीक्षार्थी:
पुन्हा संधी द्यावी हे मला पटत नाही. लपवल्यावर शून्यच हवं.

तापीकाठ:
नववीच्या वर्गात शून्य दिलं की तो मुलगा चाल करायला पुन्हा बसत नाही, आणि आपल्याला तर त्याने बसायला हवंय. पुन्हा केलेल्या कामाला जास्तीत जास्त २५ पैकी १५ अशी मर्यादा घाला, म्हणजे प्रामाणिक मुलांवर अन्याय होत नाही.

मोजमाप:
गुण देण्याच्या शिस्तीबद्दल थोडं.

वेळ आधी मांडा. चाळीस मुलं, सव्वा मिनिट, दोनदा ऐकणं म्हणजे १०० मिनिटं. नोंद लिहायला प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर आणखी ८०. एकूण तीन तास. एका बैठकीत करू नका, कान थकतात आणि शेवटच्या दहा जणांना सरसकट १७ पडतात. वीस-वीसच्या दोन बैठका करा आणि दुसऱ्या दिवशी सुरुवातीला आदल्या दिवशीच्या पहिल्या पाच चाली पुन्हा ऐका. पहिल्या पाच नेहमी जरा कडक तपासल्या जातात.

सुरू करण्यापूर्वी चार नमुने निवडा: एक उत्तम, दोन मधल्या, एक कच्चा. शक्य असेल तर शेजारच्या शाळेतल्या संगीत शिक्षकांना तेच चार ऐकवा आणि दोघांनी एकमेकांना न सांगता गुण द्या. तीनपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढू नका. कोणत्या रकान्यात फरक पडला ते पाहा. बहुतेक वेळा एकाने गळ्याला गुण दिलेले निघतात.

रकान्यांत अर्धे गुण नकोत. सातपैकी साडेचार का, हे कुणालाच सांगता येत नाही. शेवटी बेरीज झाली की सगळ्या चाली क्रमाने लावा आणि शेजारशेजारच्या दोन-दोन ऐका. २० ची चाल १८ च्या चालीपेक्षा कानाला फिकी वाटली तर रकाने पुन्हा तपासा.

श्रेणीत उतरवताना: २५ पैकी १९ म्हणजे ७६ टक्के, ब-१. २० म्हणजे बरोबर ८०, तेही ब-१. २१ ला ८४, अ-२. त्यामुळे २० आणि २१ मधला निर्णय सगळ्यात काळजीने घ्या, तिथे एका गुणाने श्रेणी बदलते. आठवीपर्यंत कलेला आकारिक (वर्षभर चालणारं) मूल्यमापनच असतं, त्यामुळे हा प्रकल्प आणि वहीतल्या नोंदी थेट त्यात बसतात.

पेटी_काळी_चार:
वर्णनात्मक नोंदीत ‘छान प्रयत्न’, ‘सुधारणेस वाव’ असं लिहू नका, कुणालाच त्याचा उपयोग नाही. असं लिहा: ‘अंतरा तार सा वर संपतो आणि स्थायी मध्य ग वर सुरू होते, म्हणून उडी मोठी वाटते. शेवटच्या दोन मात्रांत ध प घेऊन खाली ये.’ मुलगा घरी जाऊन तेवढं करून पाहील. एका चालीला एकच दुरुस्ती, तीही करून पाहता येईल अशी. आणि एक चांगली जागा नेमकी दाखवा: ‘तिसऱ्या ओळीत ‘वारा’ शब्दावर प वरून थेट सां घेतलास, तिथे शब्द जिवंत झाला.’

शिरपूरकर:
गटात केलं तर? पाच मुलींना मिळून करायचं आहे.

वावरकरी:
पाच जास्त होतात, तीन ठेवा. प्रत्येकीकडे एक भाग नावानिशी असावा: एकीची स्थायी, दुसरीचा अंतरा, तिसरीचं मधलं वादन आणि शेवट. स्थायी-अंतऱ्याच्या नात्याचे ६ गुण तिघींना समान, बाकीचे ज्याच्या त्याच्या भागावर. तोंडीत एकीला दुसरीच्या भागाबद्दल विचारा. खरंच एकत्र बसल्या असतील तर सांगता येतं.

शिरपूरकर:
शेवटचं: ध्वनिमुद्रण वर्गात कसं घ्यायचं? एप्रिलमध्ये पंखा बंद करणं शक्य नाही.

सातपुडा_ढोल:
सकाळच्या शाळेत पहिला तास घ्या. दिवस चढल्यावर पंखा लागणारच. मोबाइल पंख्याच्या थेट खाली नको, वारा माइकवर आला की घरघर येते. बाकावर वहीच्या उभ्या पुठ्ठ्याआड ठेवा, गाणाऱ्यापासून तीन-चार फुटांवर, आणि पेटी त्याच्याही मागे, म्हणजे पेटी गळ्यावर चढत नाही. ढोल असेल तर दहा-बारा फूट, शक्यतो व्हरांड्यात, नाहीतर आवाज फाटतो. आधी दहा सेकंद घेऊन ऐका. सुरुवातीला मुलाने हजेरी क्रमांक आणि मसुदा क्रमांक बोलायचा, म्हणजे फाइलचं नाव चुकलं तरी शोधता येते. संध्याकाळी सगळ्या फाइली शाळेच्या संगणकावर उतरवा. मुलांच्या व्हॉट्सॲपवर ठेवल्या तर तिसऱ्या मसुद्यापर्यंत पहिला सापडत नाही.